सेशन संपलं, प्रोसेस उरली: ग्रंथालयातल्या एका नोंदणी-अ‍ॅपचं प्रकरण

तालुक्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक ग्रंथालय. तिथल्या जुन्या पुस्तकांची संगणकावर नोंद करायचं काम सुरू होतं आणि त्यासाठीचं डेस्कटॉप अ‍ॅप मी लिहिलं होतं, पायथन आणि क्यूटी (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून. मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप, म्हणजे राज्य अजून एक्स-११ चंच. पडद्यावर खिडक्या दाखवणारी ही जुनी यंत्रणा, थोडक्यात 'एक्स'; ते काम करणारा प्रोग्राम म्हणजे एक्स सर्व्हर. सकाळी ग्रंथपाल काकू बसायच्या, संध्याकाळी कॉलेजचा एक मुलगा. दोघांची लॉगिनं वेगळी, मशीन एकच. पुस्तक हातात घ्यायचं, दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत भरायची, शीर्षकपान स्कॅन करायचं की पुढचं पुस्तक. स्कॅन मोठे आणि गावातलं इंटरनेट बेताचं, म्हणून ते रात्री सावकाश दूरच्या सर्व्हरवर चढायचे.

एके दुपारी काकूंचा फोन आला. "अरे, स्क्रीन एकदम काळी झाली आणि आता परत नाव-पासवर्ड विचारतोय. सकाळपासूनच्या माझ्या नोंदी कुठे गेल्या?"

कुठेच गेल्या नव्हत्या, कारण त्या कधी कुठे पोचल्याच नव्हत्या. पन्नास पुस्तकांचा एक गठ्ठा पूर्ण झाला की तो एकदम जतन करायचा, अशी मी रचना केली होती. काकूंची ४७ पुस्तकं झाली होती. त्यातली बरीचशी अशी की किंमत 'सव्वा रुपया' आणि प्रकाशकाचं नाव वाळवीनं अर्धं खाल्लेलं. अशी नोंद दुसऱ्यांदा करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

नोंद झाली की लगेच जतन का केलं नाही, याचं माझं उत्तर लाजिरवाणं आहे. फुलीवर क्लिक केलं तर मी 'जतन करायचं का?' विचारत होतो. लॉग आउट केलं तरी विचारत होतो. मग नोंदी जाणार कुठून, असं मला वाटत होतं.

एक्स सर्व्हर मरतो तेव्हा अ‍ॅपला काय दिसतं

काकूंच्या होम फोल्डरमध्ये एक्ससेशन-एरर्सची (सेशनमधल्या चुकांच्या नोंदींची) फाइल उघडली तर ती कोरी. पुन्हा लॉगिन झालं की लाइटडीएम, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर, जुनी फाइल 'ओल्ड' नावानं बाजूला सारतो, हे मी दरवेळी विसरतो. त्या जुन्या फाइलमध्ये शेवटची ओळ क्यूटीची होती. एक्स-११ ची जोडणी तुटली, एरर १, आणि पुढे चक्क प्रश्न: एक्स-११ सर्व्हर मेला का? एक्सॉर्गच्या, म्हणजे इथल्या एक्स सर्व्हरच्या, स्वतःच्या जुन्या लॉगमध्ये सेगमेंटेशन फॉल्टचा बॅकट्रेस, म्हणजे कोसळल्याची खूण, होती. मशीन झोपेतून उठल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरनं मान टाकली होती.

इथे थोडं थांबून यंत्रणा बघायला हवी, कारण माझा सगळा गैरसमज तिच्यातच होता.

एक्सवरचं प्रत्येक अ‍ॅप सर्व्हरशी एका सॉकेटवर, म्हणजे दोन टोकांच्या जोडणीवर, बोलतं. 'येतो हं' म्हणून निरोप घ्यायची सोय सर्व्हरला या प्रोटोकॉलनं दिलेलीच नाही. सॉकेटचं दुसरं टोक बंद होतं, एवढंच अ‍ॅपला कळतं. सर्व्हर कोसळला, डिस्प्ले मॅनेजरनं तो शिस्तीत बंद केला किंवा कोणी एक्सकिल चालवून फक्त तुमचीच जोडणी तोडली, तरी अ‍ॅपच्या बाजूनं तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. त्यामुळे 'सर्व्हर कोसळला असेल तर हे करू, लॉग आउट असेल तर ते करू' हा विचार या जागी करताच येत नाही.

आणि हे कळल्यावर क्यूटी काय करते? वर सांगितलेला संदेश छापते आणि थेट एक्झिट म्हणते. खिडकीचा क्लोज-इव्हेंट येत नाही, कारण खिडकी कोणी बंद केलेली नसते. अबाउट-टू-क्विट हा सिग्नलही येत नाही, कारण इव्हेंट लूप (घडामोडींची वाट बघत फिरणारं चक्र) आपल्या पायांनी बाहेर पडलेली नसते. पायथनचं तर त्याहून वाईट. एक्झिट सीच्या पातळीवर झालेलं असतं, त्यामुळे फायनली, अ‍ॅटएक्झिट वगैरे माझे सगळे बंधारे कोरडेच राहिले.

दोष फक्त क्यूटीचा नाही. एक्सलिबमध्ये (एक्सशी बोलायच्या जुन्या लायब्ररीत) आयओ-एररसाठी तुम्हाला स्वतःचं फंक्शन लावता येतं, पण ते परत फिरलं की एक्सलिब स्वतःच प्रोसेस संपवते. डिस्प्ले गेला म्हणजे प्रोग्रामला जगण्याचं कारण उरलं नाही, हेच तिथे गृहीत धरलेलं होतं. या वागण्याला वळसा घालायची अधिकृत वाट लिबएक्स-११ च्या, म्हणजे एक्सलिबच्याच, १.७.० आवृत्तीत, २०२० मध्ये मिळाली. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरवाल्यांनी याची झळ बरीच वर्षं सोसली आहे. ईमॅक्स डेमन म्हणून, म्हणजे मागे सतत चालणारी प्रोसेस म्हणून, चालवला तर तो खिडक्यांविना जगायला हवा. पण जीटीके (क्यूटीसारखीच लायब्ररी) लावून बांधलेल्या ईमॅक्सचा डेमन सुरू करताना इशारा यायचा: ग्नोमच्या बगझिलातल्या ८५७१५ क्रमांकाच्या जुन्या बगमुळे, एक्सची जोडणी अचानक तुटली तर ईमॅक्स कोसळू शकतो, ल्युसिड टूलकिटनं बांधलात तर ही अडचण नाही. सुरू होता होताच आपल्या मरणाची शक्यता सांगणारा दुसरा प्रोग्राम माझ्या पाहण्यात नाही.

मग लॉग आउटच्या वेळी माझा 'जतन करायचं का?' कसा यायचा? तो वेगळ्याच वाटेनं यायचा. एक्स-११ च्या सहाव्या रिलीजपासून, म्हणजे १९९४ पासून, सेशन मॅनेजमेंटचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. मेनूतून लॉग आउट केलं की एक्सएफसीईचा सेशन मॅनेजर एकेका अ‍ॅपला विचारतो, सामान आवरलं का, कोणाला काही बोलायचंय का, आणि सगळ्यांचं 'हो' आलं की मग 'आता निघा'. क्यूटीत हे कमिट-डेटा-रिक्वेस्ट म्हणून पोचतं. त्या क्षणी 'रद्द करा' म्हटलं तर लॉग आउटच थांबतं. विंडोज वापरणाऱ्यांना 'हे अ‍ॅप शटडाउन अडवत आहे' ही पाटी आठवेल. ती याचीच चुलत बहीण.

ही झाली सभ्य वाट. सॉकेट तुटणं ही दांडगाईची. तिसरी वाट सिग्नलची: मी दुरून एसएसएचवर पॉवरऑफ दिलं की सिस्टिमडी (सेवा आणि सेशनं सांभाळणारा प्रोग्राम) सेशनमधल्या प्रोसेसना सिगटर्म आणि सिगहप हे 'आवरा' सांगणारे सिग्नल पाठवतो, आणि एक्स सर्व्हरही त्याच धामधुमीत बंद होत असतो. सॉकेट आधी तुटेल की सिग्नल आधी पोचेल, सांगता येत नाही. माझं अ‍ॅप सिगटर्म हाताळतच नव्हतं, त्यामुळे आधी काय येतं यानं फरकही पडत नव्हता.

दुरुस्ती, म्हणजे दुसरा बिघाड

मी अ‍ॅपचे दोन तुकडे केले. एक खिडकी. दुसरा मागे चालणारा डेमन, त्याला मी 'कोठार' म्हणत असे. काकूंनी एक नोंद पूर्ण केली की खिडकी ती कोठाराकडे देणार, कोठार ती एसक्यूलाइटच्या डेटाबेस-फाइलमध्ये लिहिणार आणि रात्री स्कॅन चढवणार. कोठार सुरू होताना जुन्या रीतीनं दोनदा फोर्क करायचं (स्वतःची प्रत काढून मूळ प्रोसेस संपवायची), सेटसिड करून नवं सेशन घ्यायचं, सिगहपकडे कानाडोळा करायचं. आता एक्स मरो की खिडकी मरो, कोठार जिवंत. मशीनवर एक्सॉर्गला सिगकिल, म्हणजे जागच्या जागी मारणारा सिग्नल, देऊन पाहिलं, एकही नोंद गेली नाही. मी खूश.

तिसऱ्या संध्याकाळी मुलाचा मेसेज आला, सोबत स्क्रीनचा फोटो. 'नोंदवही दुसऱ्या व्यक्तीकडे उघडी आहे.' हा संदेश मीच लिहिलेला. दोन कोठारं एकाच फाइलवर बसू नयेत म्हणून मी फ्लॉक, म्हणजे फाइलवरचा लॉक, लावला होता. लॉक धरणारी प्रोसेस मेली की कर्नल स्वतः तो सोडवतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पण प्रोसेस मेलीच नव्हती. काकू दुपारी एकला लॉग आउट करून घरी गेल्या होत्या आणि त्यांचं कोठार त्यांच्या नावानं नोंदवही छातीशी धरून बसलं होतं.

मला वेळ नव्हता. मी म्हटलं, मशीन रीस्टार्ट कर. त्यानं केलं, चाललं. मग तो रोज करायला लागला. पुढे पुढे मेनूतून रीस्टार्ट करण्यापेक्षा प्लग काढणं त्याला सोपं वाटू लागलं. हे मला नंतर कळलं.

आठवड्यानं आणखी एक गोष्ट उघड झाली: सर्व्हरवर एकही नवा स्कॅन नाही. अपलोडच्या टोकनची (सर्व्हरनं दिलेल्या परवान्याची) मुदत संपली होती. अशा वेळी कोठार पासवर्ड विचारायला एक छोटी खिडकी उघडायचं. उघडायचं कुठे? सुरू होताना जो डिस्प्ले मिळाला होता तिथे, म्हणजे शून्य क्रमांकाच्या. रात्री शून्य क्रमांकावर कोण असतं? लाइटडीएमचा लॉगिनचा पडदा. तो नवा सर्व्हर, त्याची कुकी, म्हणजे आत यायची खूण, नवी, त्यानं जुन्या सेशनमधून आलेल्या प्रोसेसला दारातूनच परत पाठवलं. कोठारानं ते लॉगमध्ये इमानदारीत लिहिलं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा दार वाजवत राहिलं. आठवडाभर.

एसएसएच करून लॉगिनसीटीएल (लॉगिन-सेशनांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं तेव्हा चित्र दिसलं. काकूंचं सेशन अजून यादीत होतं आणि त्याची अवस्था लिहिली होती 'क्लोजिंग'. लॉगिनडीच्या, म्हणजे सिस्टिमडीतल्या लॉगिनं सांभाळणाऱ्या भागाच्या, भाषेत याचा अर्थ असा, की माणूस गेला, पण त्याच्या सेशनमधलं कोणीतरी मागे राहिलंय, म्हणून दार पूर्ण लावता येत नाही. सेशनच्या स्कोपमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोसेसच्या गटात, एकच प्रोसेस होती. माझं कोठार.

दोनदा फोर्क केलं, बाप बदलला, सेशनचा आकडा बदलला, पण सीग्रूप, म्हणजे प्रोसेस कोणत्या गटातली याची कर्नलमधली नोंद, बदलला नव्हता. तो जन्मानं मिळतो आणि मुलालेकरांना लागतो, गोत्रासारखा. घर सोडून किती लांब पळालात तरी गोत्र तेच. एकोणीसशे ऐंशीच्या दशकातल्या युनिक्सच्या युक्त्यांनी मी लॉगिनडीला चकवलं असं समजत होतो. त्यानं मला पुरतं ओळखलं होतं, फक्त डेबियनच्या सांगण्यावरून हात लावला नव्हता.

डेबियनचं सांगणं काय होतं

मे २०१६ मध्ये सिस्टिमडीची २३० वी आवृत्ती आली. तिच्यात लॉगिनडीची किल-यूजर-प्रोसेसेस ही सेटिंग मुळातच 'यस' करण्यात आली. म्हणजे लॉग आउट झालं की त्या सेशनमध्ये उरलेलं सगळं मारायचं. सिस्टिमडीवाल्यांचं कारण असं, की डेस्कटॉप सेशन संपल्यावरही कितीतरी प्रोसेस मागे रेंगाळतात, आणि ज्याला खरंच मागे राहायचंय त्यानं तसं स्पष्ट सांगून राहावं: सिस्टिमडी-रनने वेगळा स्कोप घ्यावा किंवा त्या यूजरसाठी 'लिंगर' (लॉग आउटनंतरही मागे राहायची परवानगी) चालू करावं.

लोक खवळले. टीमक्स, स्क्रीन, नोहप यांचा जन्मच मुळी लॉग आउटनंतर काम चालू राहावं म्हणून झालेला. दूरच्या सर्व्हरवर रात्रभराचं काम लावून झोपलेला माणूस सकाळी उठून बघतो तर सगळं साफ. डेबियनमध्ये ८२५३९४ क्रमांकाचा बग नोंदला गेला, त्यावर लांबलचक जुंपली, आणि डेबियननं थोड्याच दिवसांत आपल्याकडे ती सेटिंग 'नो' केली. मूळ सिस्टिमडीत ती 'यस'च राहिली.

तेव्हा मी दुरून बघत होतो आणि मनानं टीमक्सवाल्यांच्या बाजूला होतो. वर्षानुवर्षांचा करार एका रात्रीत मोडणं मला उद्धटपणा वाटला, अजूनही वाटतो. पण ग्रंथालयातल्या मशीनवर 'क्लोजिंग' वाचल्यावर दुसऱ्या बाजूचं अर्धं म्हणणं मला पटलं. त्यांचा रोख ज्या प्रोसेसवर होता ती मी स्वतः लिहिली होती: कोणाला न सांगता मागे राहणारी, गेलेल्या माणसाच्या नावानं कुलूप धरणारी, नसलेल्या पडद्यावर प्रश्न विचारणारी.

प्रयोग म्हणून मी त्या मशीनवर सेटिंग 'यस' केली. काकू लॉग आउट झाल्या, कोठार मेलं, मुलाला नोंदवही मिळाली, आणि रात्रीचं अपलोड बंद पडलं. एक रोग बरा झाला, दुसरा चिकटला.

कोणतं काम कोणाचं

माझी चूक कोठार जगवण्यात किंवा मारण्यात नव्हती. भिन्न मालकांची कामं मी एका प्रोसेसमध्ये कोंबली होती. कागद घेऊन बसलो आणि अ‍ॅप करतं त्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे कोणाबरोबर संपलं पाहिजे?

खिडकी, कर्सर, निवडलेली ओळ ही डिस्प्लेची. सर्व्हर गेला की ती जाणार, जाऊ द्यावीत. पासवर्ड विचारणं, 'स्कॅनर सापडत नाही' असं सांगणं सेशनचं. समोर माणूस असेल तरच त्याला अर्थ. अर्धवट भरलेली नोंद त्या माणसाची. काकूंची अर्धी ओळ मुलाला दिसायला नको, पण काकू परत आल्या की त्यांना दिसायला हवी.

आणि अपलोड? इथे मी बराच वेळ अडखळलो. पहिला विचार आला काकूंच्या खात्याला लिंगर लावून अपलोड त्यांची यूजर सर्व्हिस करण्याचा. तसं केलं असतं तर चाललंही असतं. पण मुलानं केलेले स्कॅन काकूंच्या खात्यातून का चढावेत? उद्या काकू निवृत्त झाल्या, कोणी त्यांचं खातं काढून टाकलं, की अपलोड बंद. ते काम काकूंचं नव्हतं, मुलाचंही नव्हतं. ग्रंथालयाचं होतं. म्हणून ते सिस्टिम सर्व्हिस झालं, स्वतःच्या वेगळ्या खात्यानं चालणारं, मशीन सुरू झालं की सुरू होणारं. त्याला डिस्प्ले माहीतच नाही. टोकन संपलं तर ते डेटाबेसमध्ये तशी खूण करतं. ज्याची खिडकी पुढे कधी उघडेल, त्याला तिथे पिवळी पट्टी दिसते.

कोठार मोडीत काढलं. खिडकी स्वतःच एसक्यूलाइटमध्ये लिहिते, प्रत्येक रकान्यातून बाहेर पडताना, कच्च्या नोंदींच्या तक्त्यात. पन्नासचा गठ्ठा झाला की कच्च्यातून पक्क्यात. फाइल दिवसभर धरून ठेवायचं बंद, लॉक फक्त त्या एका व्यवहारापुरता, एसक्यूलाइटचा स्वतःचाच. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या जोडफाइलीत लिहिणारा) ठेवला, पण सिंक्रोनसची सेटिंग 'फुल', कारण 'नॉर्मल'वर वीज गेली तर फाइल शाबूत राहते, पण शेवटचे व्यवहार मागे जाऊ शकतात. आणि प्लग काढणारा माणूस आमच्याकडे होता. दोन खाती एकाच फाइलवर लिहितात, त्यामुळे वॉलच्या जोडफाइलींचा ग्रुप चुकू नये म्हणून फोल्डरला सेटजीआयडी (आतल्या नव्या फाइलींना फोल्डरचाच ग्रुप देणारी खूण) लावला. यावर माझी एक अख्खी दुपार गेली.

एवढं झाल्यावर 'जतन करायचं का?' हा प्रश्नच काढून टाकला. सेशन मॅनेजर विचारायला येतो तेव्हा अ‍ॅप लगेच 'हो, निघतो' म्हणतं. शेवटच्या रकान्यात कर्सर असेल तर तेवढा लिहून घेतं, बस्स. सिगटर्म आता हाताळतो, तेही याच कामापुरतं. पायथनमध्ये त्याची एक मेख आहे: क्यूटीची लूप सीमध्ये झोपलेली असताना पायथनचा सिग्नल हँडलर चालतच नाही. सेट-वेकअप-एफडी करून तो डिस्क्रिप्टर सॉकेट-नोटिफायरला जोडावा लागतो. लॉगिनडीचा इनहिबिटर घेऊन शटडाउन थोपवण्याचाही विचार आला होता. सोडून दिला. एक रकाना लिहायला कोणाचं शटडाउन अडवायची गरज नाही.

तपासायला आता खऱ्या एक्सला मारावं लागत नाही. झेफिरमध्ये, म्हणजे खिडकीत चालणाऱ्या एक्स सर्व्हरमध्ये, अ‍ॅप उघडायचं, किंमतीच्या रकान्यात 'सव्वा' टाइप करून टॅब दाबायचा, शीर्षकात परत यायचं आणि बाहेरून झेफिरला सिगकिल द्यायचा. नवा झेफिर, पुन्हा अ‍ॅप: तीच अर्धवट नोंद, किंमतीत 'सव्वा'. मग हेच फुलीनं, एक्सकिलनं, लॉग आउटनं, सिगटर्मनं. पाचही वाटांनी शेवट एकच यायला हवा. पहिल्या दिवशी एक्सकिलला आला नाही. मी रकाना-बदलाचं लिखाण अर्ध्या सेकंदानं पुढे ढकललं होतं, 'डिस्कला त्रास नको' म्हणून. काढलं ते.

वेलँडवर, म्हणजे एक्स-११ ची जागा घेणाऱ्या यंत्रणेवर, गेल्यावर काय, हा प्रश्न आमच्यापुढे अजून आलेला नाही, पण लांबही नाही. तिथे डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर एकाच प्रोसेसमध्ये असतात, तिला कंपोझिटर म्हणतात, त्यामुळे कंपोझिटर कोसळला तर सगळ्यांचाच आधार जातो. क्यूटी ६ आणि प्लाझ्मा ६ (केडीईचा डेस्कटॉप, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला) यांनी यावर चांगली तोड काढली आहे: कंपोझिटर परत उभा राहीपर्यंत अ‍ॅप तग धरतं आणि पुन्हा जोडून घेतं. ते आलं तर उत्तमच. पण मी त्याच्या भरवशावर कच्च्या नोंदींचा तक्ता काढणार नाही.

हिवाळ्यात ड्रायव्हरनं पुन्हा मान टाकली. या वेळी काकूंचा फोन आला नाही. मला ते मशीनच्या लॉगवरून कळलं: दुपारी एक्स पडला, सहा मिनिटांनी काकूंचं नवं सेशन सुरू झालं, आणि या सगळ्यात मागचं अपलोड एका स्कॅनच्या मध्यावर होतं, ते तसंच पुढे गेलं. संध्याकाळी मीच फोन केला. नोंदी गेल्या नाहीत ना, विचारलं.

"नाही रे," काकू म्हणाल्या, "पण ती पिवळी पट्टी कसली आलीय वर?"

टोकन संपलं होतं.